कीड: नाही

मुंग्यांची रांग भिंतीच्या कडेने आली, पहिल्या पेटीपाशी थबकली, आणि पेटीपासून हातभर लांब राहून, मोठा वळसा घालून पुढे गेली.

•

घोड्याच्या शेपटीचे दीडशे केस. सगळे सारख्या लांबीचे, एकही तुटलेला नाही.

•

धाकटीच्या कंगव्यातले केस कोणी मोजले नाहीत.

•

"ताई, माझ्या पायात चपला आहेत का गं?"

"तुझ्या पायात, आणि मी बघू?"

"बघ ना. मला कळत नाहीये."

•

वाद्य: एरहू. तारा: दोन. कातडं: अजगराचं. वय: सव्वाशे वर्षांच्या आसपास. गज: आहे. राळ: आहे. भेगा: नाहीत. कीड: नाही.

•

जेवणाचे डबे बंद होते. तरी खोलीत लसणाचा वास आला.

•

दोघी बहिणी तंतुवाद्यं दुरुस्त करायच्या. दुकान गल्लीच्या शेवटाला, एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं दुकान. आत उत्तरेकडे एक मोठी खिडकी, खिडकीखाली भिंतभर लांबीचं टेबल, टेबलावर पटाश्या, कानशी, शिकंजे आणि सरस वितळवायचं भांडं. ते भांडं सकाळी शेगडीवर चढायचं ते संध्याकाळीच उतरायचं. लाकूड थोरलीचं, तार धाकटीची. ही वाटणी त्यांच्या वडिलांनी करून दिली होती, आणि वडील जाऊन बारा वर्षं झाली तरी तिला कोणी हात लावला नव्हता. थोरली चिरलेल्या पाठी सांधायची, निखळलेल्या माना जोडायची, नाकातोंडाला फडकं बांधून दिवसभर घासकाम करायची. मग वाद्य टेबलावरून दोन हात डावीकडे सरकायचं आणि धाकटीचं व्हायचं. ती खुंट्या बसवायची, तारांखालची घोडी उभी करायची, तारा चढवायची आणि मुकं लाकूड बोलतं करायची.

धाकटीची बोटं हीच त्या दुकानाची खरी दौलत. डोळे मिटून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ती तात फिरवायची. तात म्हणजे आतड्याची तार. जुन्या वाद्यांना तीच लागते. फिरवता फिरवता थांबायची आणि म्हणायची, "इथे बारीक आहे. इथे सूर गळणार." थोरलीने सुरुवातीला चारदोनदा मापयंत्र लावून बघितलं. प्रत्येक वेळी धाकटीचं खरं निघालं, तेव्हा यंत्र खणात गेलं आणि तिथेच राहिलं. धाकटीला दुसरं काही येत नव्हतं आणि तिला दुसरं काही नकोही होतं. तिचा नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "घरात भाजी खारट झालेली हिला कळत नाही, आणि केसाच्या चौथाईचा फरक कळतो. म्हणजे संसार कोणाशी चाललाय ते बघा."

कोरडी तात काडीसारखी कडक असते, तिची गाठ बसत नाही. म्हणून तिचं टोक तोंडात धरायचं, दाढेखाली हलकेच चावायचं, थुंकीने मऊ झालं की बाहेर काढून गाठ मारायची. त्यांचे वडील असंच करायचे, आजोबा असंच करायचे. पाणी चालत नाही, पाण्याने तात फुगते आणि मग सुकताना आकसते, असं घराण्यात पक्कं ठरलेलं होतं. काम करताना धाकटी बोलत नसे ती त्यामुळेच. तिच्या तोंडात सतत एखादं टोक असायचं.

"दिवसाकाठी तेवढाच काय तो माझ्या कानांना आराम," थोरली म्हणायची.

धाकटी तोंडातली तार न काढता नाक मुरडायची.

•

पेट्या सोमवारी आल्या. तीन होत्या, लोखंडी, माणूस आडवा मावेल एवढ्या. बरोबर संग्रहालयाच्या मॅडम. एवढा मोठा वाद्यसंग्रह आयता दारात चालून आल्यामुळे त्या बाई जमिनीपासून चार बोटं वर चालत होत्या.

"बेचाळीस वाद्यं आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्या जगातली. ते गृहस्थ बोटीवर डॉक्टर होते. बोट जिथे लागेल तिथलं एक वाद्य उचलायचे आणि घरी आणून ठेवायचे. त्यांच्या पणतूने आम्हाला दिलंय सगळं. सात आठवड्यांनी दालन उघडायचंय."

"सात आठवडे म्हणजे..." थोरली म्हणाली.

"जमेल हो तुम्हाला. आणि स्थिती तर बघा! फार जपायचे म्हणे. घरातल्या मुलांनाही त्या खोलीत जायला बंदी होती."

पहिली पेटी उघडली. वर मोरिन खूर होतं, गवताळ पठारावरच्या घोडेवाल्यांचं वाद्य, मानेच्या टोकाला कोरलेलं घोड्याचं डोकं आणि तारांच्या जागी घोड्याच्याच शेपटीचे केस. त्याच्याखाली अजगराच्या कातड्याची चिनी एरहू. मग लोखंडी खिळ्यावर उभं राहणारं कमांचा. मग डोंगराळ मुलखातलं एकतारी गुस्ले, अख्खं एका ओंडक्यातून कोरलेलं. आणि तळाशी एक सारंगी. तिला बघून धाकटी म्हणाली, "अगं बाई, तू कुठे अडकलीस या लोकांत!"

थोरली एकेक वाद्य खिडकीशी नेऊन उलटंपालटं करून बघत होती, आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. शंभर वर्षांचं कातडं म्हणजे किड्यांना पंक्तीचं जेवण. कडा कुरतडलेल्या असतात, लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतात, वाद्य टेबलावर आपटलं की पिठासारखा भुसा पडतो. यातलं इथे काहीही नव्हतं. कातडी कालपरवा मढवल्यासारखी ताणलेली, कडा धड, लाकूड ठणठणीत.

"एक भोक नाही," ती म्हणाली. "बावीस वर्षांत असं बघितलं नाही मी."

मॅडमनी रुमाल काढला. घोडीखाली, कातड्याच्या कडेला आणि मानेच्या खाचेत पांढरट पूड साचली होती. ती त्या पुसायला गेल्या, तोच थोरली ओरडली, "थांबा!"

मॅडमचा हात हवेत राहिला.

"धूळ नाहीये ती. राळ आहे." थोरलीचा आवाज लगेच खाली आला, पण त्यात एक ऐट होती. "गजाला राळ घासल्याशिवाय तार बोलत नाही. वाजवताना तिची पूड खाली पडते आणि वर्षानुवर्षं साचत जाते. ही त्या वाजवणाऱ्याची सही समजा. अडाणी दुरुस्तीवाले पहिल्यांदा तीच पुसून टाकतात. आमच्याकडे जुन्या राळेला हात लावत नाहीत. वडिलांचा नियम आहे."

"अय्या," मॅडम म्हणाल्या, आणि वहीत लिहून घेतलं. दालनासाठीच्या एका फलकावर हे वाक्य पुढे खरोखरच छापलं गेलं.

•

वाद्य: कमांचा. तारा: चार. कातडं: माशाचं. गज: आहे. राळ: आहे, जपली. कीड: नाही.

•

दुसऱ्या आठवड्यात धाकटीचं पोट बिघडलं. सकाळी आल्याबरोबर मोरीत जायची, तोंड धुऊन यायची, आणि अर्धा चहा तसाच ठेवून कामाला लागायची.

"शाळेतही असंच," थोरली म्हणाली. "परीक्षा आली की हिचं पोट दुखायचं. आणि बाबा लगेच, राहू दे गं तिला, राहू दे!"

"खरंच दुखायचं."

"आणि परीक्षा संपली की दुपारी लंगडी खेळायचं."

"ते दुखणं थांबायचं म्हणून," धाकटी म्हणाली, आणि सारंगीच्या तातेचं टोक तोंडात घातलं. सारंगीच्या पोटावरच्या पांढऱ्या पुडीत तिची करंगळी टेकलेली होती. मग तीच करंगळी तिने ओठाच्या कोपऱ्याला पुसली. थोरलीच्या डोळ्यांसमोर हे घडलं. त्यात बघण्यासारखं काय होतं? रोजच घडायचं.

चौथ्या आठवड्यात धाकटी म्हणाली, तळपायांना मुंग्या येतात. पाचव्यात म्हणाली, बोटांनाही. तिचा नवरा तिला सोडायला आला तेव्हा दारातच घुटमळला.

"ताई, जरा बघता का हिच्याकडे? रात्री पायावर नुसती चादर पडली तरी ओरडते. आणि केस... न्हाणीघराची जाळी तुंबली काल."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"अशक्तपणा म्हणाले. टॉनिक दिलंय. लाल रंगाचं."

"मग घे म्हणावं तिला. पेट्या गेल्या की आठ दिवस झोपा काढू दे. मीच पाठवीन तिला माझ्या घरी, आयतं गिळायला."

तो हसला नाही. एरवी हसला असता. तेवढ्यात चष्मेवाल्याने त्याची बस वाटेत उभी आहे म्हणून हाळी दिली आणि तो पळाला.

थोरलीचंही नाक सारखं गळत होतं, डोळे चुरचुरत होते. घासकाम फार झालं, असं तिने ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. धाकटी खुंटीच्या भोकात तार ओवत होती. भोक काही सुईचं नाही, चांगलं दिसेल एवढं असतं. तार भोकाच्या बाजूला जायची, पुन्हा जायची, पुन्हा जायची. थोरली पटाशीला धार लावता लावता थांबली. धाकटीने तार खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ते दुसऱ्या कोणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत राहिली.

"तार हातात आहे की नाही ते बघावं लागतं," ती हळूच म्हणाली. "कळत नाही, ताई. जाड की बारीक, काहीच कळत नाही. जिभेने बघते, जिभेला थोडं कळतं."

थोरलीने पटाशी खाली ठेवली. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मापयंत्र आहे ना खणात. ते वापर थोडे दिवस."

धाकटीने खण उघडला. यंत्र काढलं. तिच्या हातून ते दोनदा निसटलं.

•

वाद्य: गुस्ले. तारा: एक. गज: आहे. राळ: आहे, जपली. कीड: नाही.

•

सातव्या आठवड्याचा मंगळवार. शुक्रवारी गाडी येणार होती. तिसरी पेटी आधीच उघडली होती; तिच्यातली बहुतेक वाद्यं धड होती म्हणून शेवटाला ठेवलेली. ही सगळी छेडायची वाद्यं होती: तीन तारांचं शामिसेन, नाशपातीच्या आकाराचं ऊद, कवचाच्या पाठीचं इवलंसं चारांगो. सगळ्यांत मोठं काम कोरा नावाच्या वाद्याचं. अर्धा भोपळा, त्यावर गाईचं कातडं, मधून आरपार गेलेला दांडा, आणि दांड्याला कातड्याच्या कड्यांनी बांधायच्या एकवीस तारा. जुन्या तारा कुजून गेल्या होत्या. एकवीसच्या एकवीस नव्या चढवायच्या.

धाकटी चष्मेवाल्याच्या बाकावर उन्हात बसली होती. थोरलीने कोरा मांडीवर घेतला आणि नोंदपत्रिका भरायला लागली. हात सवयीने चालत होता.

वाद्य: कोरा. तारा: एकवीस. कातडं: गाईचं. गज: नाही. राळ: आहे.

पेन थांबलं.

तिने दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. गज: नाही. राळ: आहे. एखाद्या पोराने केलेलं गणित चुकावं तशा त्या एकाखाली एक उभ्या होत्या. हे वाद्य दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जनींनी वाजवतात. त्याला जन्मात कधी गज लागलेला नाही, लावायला जागाच नाही. मग राळ कुठून आली?

तिने वाकून बघितलं. घोडीच्या दोन्ही अंगांना पूड होती. दांड्याच्या मागे होती, जिथे कोणी वाजवत नाही. भोपळ्याच्या आत बोट घातलं, तर आतही होती. सारखी, पातळ, कोणीतरी हाताने माखल्यासारखी.

मग तिने शामिसेन उचललं. तिथेही होती. ऊदावर होती. चारांगोच्या कवचाच्या आतल्या बाजूला, बोटसुद्धा पोचणार नाही अशा ठिकाणी होती.

राळ ओळखणं अगदी सोपं असतं. चिमटीत चोळली की चिकटते आणि देवदाराचा वास येतो. तिने चिमटीत चोळली. चिकटली नाही. वास नाही. राळ तापली की वितळून मधासारखी होते. सरसाच्या शेगडीवर तिने पातं तापवलं आणि त्याच्या टोकावर चिमूटभर पूड टाकली. पूड वितळली नाही. तिचा नुसता धूर झाला. आणि जेवणाचे डबे बंद असताना खोलीत लसणाचा वास पसरला.

थोरलीने खिडकी उघडली. पातं पाण्यात बुडवलं. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले.

हे सगळं ती कोणाला न विचारता समजून चुकली होती, असं म्हणता येणार नाही. पण आपल्याला काय समजत नाहीये ते तिला नेमकं समजलं होतं. सव्वाशे वर्षं एकाही किड्याने तोंड लावलेलं नाही. पोरांना त्या खोलीत जायला बंदी. माखणारा माणूस डॉक्टर. आणि बाहेर बाकावर उन्हात बसलेली तिची बहीण, जिला आपल्या पायात चपला आहेत की नाहीत ते कळत नाही.

तिच्या मनाने तेव्हा जे केलं ते मोठं चलाखीचं होतं. मन म्हणालं, पेट्या बोटीतून आल्या, हिंदकळल्या, गजाच्या वाद्यांवरची राळ उडून सगळीकडे बसली असेल. मन म्हणालं, जुनी राळ सुकल्यावर चिकटत नसेल. मन म्हणालं, तूच मॅडमना सांगितलंस ना छातीठोकपणे, सही आहे म्हणून? आता काय सांगणार? आणि बोलायचंच असेल तर शनिवारी बोल. शुक्रवारी गाडी येऊन जाऊ दे. तीन तर दिवस.

थोरलीने पेन उचललं आणि पत्रिका पुरी केली.

कीड: नाही.

•

बुधवारी सकाळी धाकटीच्या टेबलावर पाण्याची वाटी ठेवलेली होती.

"हे काय?"

"तात यात भिजव. तोंडात नको घालूस."

"का?"

"असंच."

"असंच म्हणजे? पाण्याने फुगते. बाबांनी कधी पाणी वापरलं?"

"बाबांच्या वेळी वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

थोरलीने तोंड उघडलं. खरं वाक्य जिभेवर आलं होतं, तयार होऊन. मग तिला भिंतीवर लावलेली तारीख दिसली.

"काही नाही. तुझं पोट बिघडलेलं, म्हणून म्हटलं. तुझी मर्जी."

"आज भारी काळजी वाहतेयस माझी," धाकटी म्हणाली. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

वाटी बाजूला सरकली. त्या दिवशी सहा तारा चढल्या. प्रत्येक तारेला दोन टोकं, आणि शिवाय कातड्याची कडी, तीही थुंकीने मऊ करावी लागते. थोरली फडक्यावर आणखी एक फडकं बांधून, हातांत रबरी मोजे चढवून घासत राहिली. मधे मधे मान वर करायची. धाकटीच्या तोंडात तार असायची आणि धाकटी तिच्याकडे बघून डोळे मिचकवायची, की बघ, तुझ्या कानांना आराम.

गुरुवारी नऊ.

शुक्रवारी दुपारपर्यंत सहा. एकविसावी तार ओढून धाकटीने कान भोपळ्याला लावला आणि सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला. किल्लीवाल्याने यंत्र बंद केलं आणि दारात येऊन उभा राहिला. पाण्याच्या धारेसारखा तो आवाज खोलीत पसरला आणि विरला.

"ऐकू तरी येतंय," धाकटी म्हणाली.

चार वाजता गाडी आली. मॅडम आल्या, हातात फुलं. बेचाळीस वाद्यं कापडात गुंडाळून पेट्यांत गेली. शेवटची पेटी उचलली तेव्हा धाकटी निरोप द्यायला उठली. दाराला तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर ती पाऊल ठेवायला गेली, पण ते पाऊल उचललंच गेलं नाही. घोट्यापासून लुळं लोंबत होतं. ती पुढच्या पुढे कोसळली. हात पुढे करून सावरायचं असतं, तेही हातांना कळलं नाही.

•

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी धाकटीचे दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरले. दहाही नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, सगळ्या एकाच उंचीवर.

"काम काय करता तुम्ही?"

धाकटी सांगायला लागली, तारा, घोडी, खुंट्या. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या, पण त्यातून त्यांच्या हाती काही लागत नव्हतं. थोरली भिंतीशी उभी होती. पर्स छातीशी धरलेली.

"पूड आहे," ती म्हणाली. "पांढरी. वाद्यांवर. तापवली की लसणाचा वास येतो. आणि ही तारा तोंडात धरते."

डॉक्टरीणबाईंनी वळून तिच्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते थोरलीला आठवत नाही.

रक्त गेलं, लघवी गेली, कापलेले केस गेले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आर्सेनिक, जुनी माणसं त्याला सोमल म्हणायची. पूर्वीचे संग्राहक कातड्याला आणि लाकडाला ते चोळायचे, म्हणजे कीड लागत नाही. संग्रहालयाला फोन गेला. दालनाचं उद्घाटन पुढे ढकललं गेलं. मॅडमचा थोरलीला फोन आला तेव्हा त्या पुन्हापुन्हा एकच विचारत होत्या, की मीही तपासून घेऊ का. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः पेटीत हात घातला होता.

"जीव वाचेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध चालू केलंय. पाय सुधारतील, हळूहळू. बोटांचं मी सांगू शकत नाही. वर्ष लागेल, दोन लागतील. जाणीव पूर्ण येईलच असं नाही."

धाकटीचा नवरा हे ऐकून खाली जिन्यात जाऊन बसला. गणवेशातच होता.

चौथ्या दिवशी दुपारी दोघी बहिणीच खोलीत होत्या. ऊन चादरीवर आलं होतं. चादर धाकटीच्या पायांना लागू नये म्हणून खाली लाकडी चौकट ठेवली होती. थोरली मोसंबं सोलत होती.

"ताई."

"हं."

"ती पाण्याची वाटी बुधवारची ना?"

सालीचा तुकडा थोरलीच्या हातात तसाच राहिला.

"हो."

"म्हणजे बुधवारी तुला माहीत होतं."

आणखी एक दिवस लपवता आला असता. धाकटीने स्वतःहून तो दिला होता.

"मंगळवारी," थोरली म्हणाली.

बाहेर कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं. तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते लांब जाईपर्यंत धाकटी ऐकत राहिली.

"मग बोलली का नाहीस?"

"शुक्रवारी गाडी यायची होती."

"शुक्रवार दर आठवड्याला येतो, ताई."

थोरली रडली नाही. ते तिला तेव्हा शोभलं नसतं आणि ते तिला ठाऊक होतं. मोसंब्याच्या फोडी तिने बशीत ओळीने लावल्या. एकही धाकटीने घेतली नाही.

"पर्समध्ये तात आहे का तुझ्या?" धाकटीने विचारलं.

"असेल. कशाला?"

"दे."

वीतभर तुकडा निघाला, कुठल्या तरी कामातला उरलेला. थोरलीने तो तिच्या उजव्या हातात ठेवला आणि बोटं मिटून दिली. धाकटीने डोळे मिटले. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरायला लागली, पूर्वी फिरायची तशीच, तोच वेग, तोच ठेका. तात केव्हाच चादरीवर पडली होती. बोटं रिकामीच फिरत होती.

"काय वाटतं?" थोरलीने विचारलं.

"थांब जरा. बघतेय."

थोरलीने तात उचलून परत तिच्या बोटांत दिली. धाकटीने डोळे उघडले, थोरलीचा हात तात सोडताना तिला दिसला, आणि मग तिला कळलं. चेहरा हलला नाही. तिने हात सावकाश वर नेला आणि तातेचं टोक ओठांत घातलं.

थोरलीने झडप घालून ते ओढून काढलं. टोक दातांत अडकलं होतं, थोडा जोर लावावा लागला.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली.

"आता कशाला काढतेस?" ती म्हणाली.

पेट्या आल्या त्या सोमवारी धाकटीने महिनाभराची सुट्टी मागितली होती, आणि थोरलीने ती दिली नव्हती.